जंगल बदलायचं, बियाणं बदलायचं की ठरवून आग लावायची?

जंगलाची जबाबदारी तुमच्यावर असेल आणि वाढत्या तापमानासाठी त्याची तयारी करायची असेल, तर आधी एवढंच बघा: तुमची झाडं कशाने मरतील? दुष्काळाने, किडीने की वणव्याने? वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे मार्ग धरलेत ते त्यावरूनच.

जर्मनीत लाकडासाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची सलग लागवड झाली होती. २०१८ ते २०२० या कोरड्या वर्षांत झाडं सुकली, सालीखाली भुंगेरे शिरले आणि २०२१च्या वसंतापर्यंत सुमारे ५ लाख हेक्टरवरची झाडी गेली. आता तिथे बीच, ओक, फर अशी वेगवेगळी झाडं मिसळून मिश्र जंगल उभं करताहेत. जोखीम विभागली जाते, पण फळ दिसायला एक पिढी जाते. त्यात हरणांना फर आणि ओकचीच कोवळी रोपं प्रिय. शिकार वाढवली नाही, कुंपण घातलं नाही, तर पुन्हा स्प्रूसच उरतो. काहीच न करणं हाही एक पर्याय आहे. जर्मनीतल्याच बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९८३च्या वादळात पडलेली झाडं तशीच राहू दिली. जंगल परतलं, मात्र बरंचसं स्प्रूसचंच. लाकडावर पोट असेल तर हा मार्ग सोडा.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जुना नियम होता: बी जवळचंच घ्या. २०१८पासून तिथे हवामान जुळवून बी निवडू लागले, म्हणजे जरा उबदार भागातलं. इथे 'जरा' महत्त्वाचं. शतकअखेरच्या उष्णतेकडे बघून फार दुरून बी आणलं, तर रोप आजच्याच थंडीत मरायचं. लागवड नाहीतरी करायचीच असते, म्हणून माझ्या मते सगळ्यात स्वस्त बदल हाच. आज उभ्या असलेल्या झाडांना मात्र त्याचा काही उपयोग नाही.

वणव्याची भीती असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथे उत्तरेकडच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६पासूनच्या प्रकल्पात आदिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, तुकड्यातुकड्यांनी जाळतात. पुढचा मोठा वणवा अडतो, त्यामुळे टळलेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे पैसेही मिळतात. पण २०२२मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत वनखात्यानेच लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि ३ लाख ४० हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. वारा फिरला की काम तिथल्या तिथे थांबवणारी अनुभवी माणसं हाताशी नसतील, तर आधी विरळणी (दाट झाडी कमी करणं) आणि जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) यांवरच भागवा.