दंतवैद्यकाच्या मुलांसाठी संगणकवर्ग: आरव्हीजी उत्तम, एक्सेल कच्चं

कॉलेज रोडवरच्या एका संस्थेतला हा शनिवार-रविवारचा वर्ग बीडीएसच्या शेवटच्या वर्षातल्या, इंटर्नशिपच्या आणि पीजीच्या मुलांसाठी आहे. एमएस-सीआयटीत झालेलं वर्ड इथे पुन्हा शिकवत नाहीत, हे बरंच.

आरव्हीजीचा, म्हणजे दातांच्या डिजिटल एक्स-रेचा, भाग खरोखर मन लावून शिकवतात. पडद्यावर दाताच्या मुळाची लांबी मोजण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्यावरचं माप खऱ्या मापाशी जुळवणं, करायलाच लावतात: रूट कॅनालमध्ये फाइल (कॅनाल साफ करायची बारीक सुई) असलेला एक्स-रे उघडायचा, फाइलच्या टोकापासून तिच्यावरच्या सरकत्या रबर स्टॉपपर्यंत रेघ ओढायची आणि एंडो ब्लॉकवर (फाइल मोजायच्या पट्टीवर) मोजलेला आकडा भरायचा. हमखास चूक इथेच होते. फाइल 25 मिमीची म्हणून मुलं डोळे झाकून 25 भरतात. स्टॉप 20 वर असेल, तर पुढचं प्रत्येक माप सव्वापट येतं आणि फाइल मुळाच्या टोकाबाहेर जाते. शिवाय कोन चुकून दात आखूड दिसत असेल, तर कॅलिब्रेशनने सगळी भरपाई होत नाही. एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राने) खात्री करावीच लागते. हेही स्पष्ट सांगतात.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला एक्स-रे दाबला जातो, बारीक रेषा पुसट होतात. म्हणून डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या प्रकारातली) संगणक-फाइल पाठवायला शिकवतात, पण त्या फाइलच्या आत पेशंटचं नाव असतं आणि ते आधी काढायचं असतं, हे मात्र राहून जातं. ते सांगायलाच हवं.

एक्सेल निराशा करतं. दातांचे क्रमांक (16, 26, 36) टेक्स्ट म्हणून भरायचे, नाहीतर कोणीतरी त्यांचीही सरासरी काढतं, एवढंही सांगत नाहीत. डीएमएफटीच्या (दातांच्या किडीच्या मोजणीच्या) तक्त्यात डी (किडलेले), एम (किडीमुळे गेलेले), एफ (भरलेले) या तीन रकान्यांची सरळ बेरीज शिकवतात. तपासणीच न झालेल्या मुलाचे रकाने कोरे असतात, बेरीज 0 येते, आणि ते मूल किडमुक्त म्हणून मोजलं जातं. सरासरी खोटी खाली येते. सूत्र असं हवं: तिन्ही रकान्यांत आकडा असेल तरच बेरीज, नाहीतर उत्तर कोरं. दात चांगले असतील तिथे 0 हाताने भरायचा.

मराठी संमतीपत्र युनिकोडमध्ये टाइप करून घेतात, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर अक्षरांचा गोंधळ होत नाही.

इंटर्नशिपच्या मुलांनी जरूर जावं. पीजीवाल्यांनी पहिल्या 10 पेशंटनंतर लगेच आपला तक्ता संख्याशास्त्राच्या जाणकाराला दाखवून घ्यावा.