दारची वांगी आणि सुलाची शेनिन ब्लाँ

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. एप्रिलची खरड छाटणी, दसऱ्याच्या आगेमागे गोडी छाटणी, मग डिपिंग (मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवणं), विरळणी हे सगळं बघतच मोठी झाले. पण आमच्या बागेत कायम खायची द्राक्षं, थॉमसन. वाईनचा द्राक्ष वेगळा. मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि मणी फुगवायची कुणाला घाई नाही. अण्णांना तो द्राक्ष कधी पटला नाही. "मणी दिसायला पाहिजे," म्हणायचे. त्यामुळे नाशकात राहूनही आमच्या जेवणाच्या टेबलावर वाईन आली ती मी निवृत्त झाल्यावर, धाकट्या भावामुळे.

हे लिहितेय ते सुला या नाशिकच्या वायनरीच्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनबद्दल. यंदाच्या थंडीत, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, तिच्या चार बाटल्या आम्ही नवराबायकोनं घरच्या जेवणासोबत घेतल्या. एका वेळी एकेक ग्लास, त्याहून जास्त नाही. बरोबर कुठलाही खास बेत नव्हता. मागच्या अंगणात जे निघेल ते: काटेरी वांगी, घेवडा, मेथी, टोमॅटो, ड्रममधली ढोबळी मिरची.

आधी एक सांगते, कारण पहिल्या बाटलीनं माझं मत जवळजवळ बिघडवलंच होतं. ती गेल्या मे महिन्यात घराजवळच्या एका दुकानातून आणली होती. काचेच्या शोकेसमध्ये, थेट उन्हात उभी होती. उघडली तर रंग पिवळट-तपकिरी, वासाला फळ असं काहीच नाही, चव दिवसभर उघड्यावर राहिलेल्या उसाच्या रसासारखी. मला वाटलं, वाईन अशीच असते. भावानं एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "ताई, ही उन्हानं गेलीय. हिच्यावरून ठरवू नकोस." पुढच्या चारही बाटल्या आम्ही गंगापूर-सावरगाव रस्त्याला वायनरीतच जाऊन घेतल्या. तुम्हालाही हेच सांगेन: बाटली सावलीत, गारव्यात ठेवलेली असेल तिथूनच घ्या. हजाराच्या आतली वस्तू आहे, पण उन्हात दोन महिने उभी राहिली तर ते पैसे पाण्यात.

सुलानं २००० साली पहिल्यांदा बाटल्या बाजारात आणल्या त्या दोनच पांढऱ्या वाईनच्या, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. शेनिन हा मूळचा फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला द्राक्ष. सुलाची शेनिन किंचित गोडसर असते. द्राक्षातली सगळीच्या सगळी साखर आंबवणात संपू देत नाहीत, थोडी मागे राहते. मागे राहिलेली ही थोडी साखर आपल्या स्वयंपाकाच्या फार उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत झालंय.

भरल्या वांग्यांचं उदाहरण घ्या. आमची वांगी लिंबाएवढी असतानाच काढते, देठाचे काटे बोटाला टोचतात इतकी ताजी. दाण्याचा कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, आणि भावाकडचं घरचं लाल तिखट. तेल सुटेपर्यंत मंद आचेवर. या भाजीत आंबट, गोड, तिखट आणि दाण्याचा जडपणा हे सगळं एकदम येतं. पहिल्या रविवारी भाकरीचा घास खाल्ला, वर शेनिनचा घोट घेतला, आणि मी चमकले. गुळाशी तिची गोडी जुळली, चिंचेशी आंबटपणा जुळला, आणि जिभेवर बसलेला दाण्याच्या तेलाचा थर धुऊन निघाला. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. अननस आणि पिकत आलेल्या पेरूचा वास येतो तिला, तो मसाल्याखाली दबत नाही. हे म्हणाले, "आज ताक नको." आमच्याकडे हे वाक्य मी पस्तीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं.

हीच भाजी मी पुढच्या आठवड्यात गूळ न घालता, तिखट दुप्पट करून केली. मुद्दाम. तेव्हा मात्र जमलं नाही. तिखटानं आधीच पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल गेलं की आग आणखी वाढते. ठेच्यासोबत तर कुठलीच वाईन घेऊ नका, तिथं दहीच हवं.

मला यातून जे कळलं ते हे, की वाईन भाजी बघून निवडायची नसते, फोडणी आणि मसाला बघून निवडायची. घेवड्याची भाजी मी ओलं खोबरं, जिरं आणि हिरवी मिरची घालून केली तेव्हा शेनिन सुरेख लागली. तोच घेवडा काळ्या मसाल्यात केला तेव्हा ती पार हरवली. लसणाच्या फोडणीची मेथी चांगली जमते, कारण गोडी कडूपणाला आवरते. त्याच मेथीसोबत भावानं आणलेली लाल वाईन घेऊन बघितली, तर तिचा तुरटपणा आणि मेथीचा कडवटपणा एकमेकांवर चढले. टोमॅटोच्या सारात साखर थोडी सढळ हातानं घाला, नाहीतर वाईन पाणचट लागते.

एका भाजीपुरती मात्र मी शेनिन बाजूला ठेवते. ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी. तिच्यासोबत सुलाचीच सोव्हिन्यों ब्लाँ घ्या. ढोबळी मिरची चिरताना जो हिरवा, कच्चा वास येतो ना, तो ज्या द्रव्यामुळे येतो ते या द्राक्षातही असतं. ग्लास नाकाशी नेला की विळीवर नुकतीच मिरची चिरल्यासारखं वाटतं. त्यात भाजलेल्या बेसनाचा खमंगपणा, मोहरी-हिंग, वरून लिंबू. ही वाईन कोरडी, गोडी अजिबात नाही, त्यामुळे लिंबाशी तिचं छान जमतं. भरल्या वांग्यासोबत मात्र तीच वाईन कडक लागली.

वाढण्याबद्दल दोन गोष्टी. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नका, पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. आठ-दहा अंशाला तिचा वास खुलतो. फार गार असली की फक्त थंडावा कळतो, फळ कळत नाही. थंडीत नाशकात याहून थोडा जास्तच वेळ लागतो. दुसरं म्हणजे काचेचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, आणि अर्ध्याहून कमी भरा. बाटलीला बूच नसून फिरकीचं झाकण आहे, ते मला आवडलं. घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली की तिसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. चौथ्या दिवशी वास उतरलेला होता, मग उरलेली अर्धी वाटी मी टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यात घातली आणि चांगली उकळली.

कमी काय वाटलं? ज्यांना अजिबात गोड नको त्यांना ही वाईन नुसती प्यायला आवडणार नाही, आणि मलाही ती जेवणाशिवाय अर्ध्या ग्लासानंतर नकोशी होते. लेबलवर आपल्या पदार्थांची नावं दिसत नाहीत, याचं मात्र मनापासून वाईट वाटतं. दिंडोरीच्या मातीतला द्राक्ष, आणि तो वांग्याच्या भाजीसोबत किती छान लागतो हे दिंडोरीच्याच माणसाला ठाऊक नाही.

संक्रांतीला अण्णा आले होते. नव्वदीला टेकलेत. त्यांनी वाईन घेतली नाही, पण ग्लास हातात घेऊन वास घेतला, उजेडासमोर धरून रंग पाहिला. "मणी बारीकच असतो का अजून?" त्यांनी भावाला विचारलं. तो हो म्हणाला. मग त्यांनी दुसरं वांगं वाढून घेतलं.