साउंडबॉक्सने रक्कम सांगितली, खाते सांगितले नाही

मी जन्मापासून अंध आहे. महापालिकेच्या एका इमारतीच्या आवारात दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला स्टॉल २००४ साली माझ्या नावावर झाला. त्या काळी सार्वजनिक दूरध्वनीचे बूथ दिव्यांगांना प्राधान्याने मिळत, आणि पेटीत पडणाऱ्या रुपयाच्या नाण्यांचा आवाज हाच माझा हिशेब असे. मोबाइल आल्यावर ती नाणी पडेनाशी झाली, तेव्हा रीतसर अर्ज करून मी बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, पेन आणि लिफाफे विकण्याची परवानगी मिळवली. परवान्याची मुख्य अट अशी होती की स्टॉल परवानाधारकाने स्वतः चालवावा. मदतनीस ठेवता येईल, परंतु स्टॉल पोटभाड्याने दिल्यास किंवा हस्तांतरित केल्यास परवाना रद्द होईल.

२०२१ साली पत्नीच्या आजारपणामुळे मला दुपारी घरी राहावे लागू लागले. आमच्या चाळीतील एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे ‘मामा’ म्हणत असू, आपण होऊन स्टॉलवर बसू लागले. रोकडीत त्यांनी कधी एका रुपयाचा फरक पडू दिला नाही, आणि मी जपत होतो ते नेमके रोकडीलाच. शंभराच्या नव्या नोटेच्या कडेला चार उंचवट्याच्या रेषा असतात आणि पाचशेच्या कडेला पाच. नोट वापरून मऊ झाली की त्या बोटाला लागत नाहीत, म्हणून नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगणारे रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ ॲपही मी हाताशी ठेवतो. नोटांच्या बाबतीत मला फसवणे सोपे नाही, याचा मला थोडा अभिमानच होता.

एके दिवशी मामांनी सांगितले की गिऱ्हाइकाने मोबाइलवरून दिलेली रक्कम बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सची बॅटरी गेली आहे, आणि दुसऱ्या कंपनीचा नवा बॉक्स आणून ठेवला. त्यासोबत काउंटरवरचा क्यूआर कोडही बदलला. ‘वीस रुपये प्राप्त झाले’ हे वाक्य पूर्वीसारखेच ऐकू येत राहिले. मात्र, तो बॉक्स कोणाच्या खात्याशी जोडलेला आहे हे तो कधीच बोलत नाही. नव्या कंपनीचे पैसे आठवड्याने मिळतात असे सांगून मामा दर सोमवारी रोख रक्कम माझ्या हातात ठेवत, त्यामुळे बँकेचे संदेश येणे बंद झाले आहे याकडे मी लक्ष दिले नाही. ही चूक माझीच होती, कारण ते संदेश माझा फोन मला मोठ्याने वाचून दाखवतो.

पुढे परवान्याच्या नूतनीकरणाचे म्हणून ते काही कागद घेऊन आले. मला सही करता येते, तरीही ‘कार्यालयात अंगठाच लागतो’ असे सांगून त्यांनी माझा अंगठा शाईवर टेकवला आणि चार ठिकाणी उमटवला. पहिला कागद बोटाला जाड आणि किंचित खरखरीत लागला होता. मुद्रांकाचा कागद मला स्पर्शाने ओळखता येतो, आणि त्यापूर्वीच्या एकाही नूतनीकरणाला मुद्रांक लागला नव्हता, हेही मला ठाऊक होते. परंतु दीड वर्ष आपल्या घरची पत्रे वाचून दाखवणाऱ्या माणसाला, तेही बायको आतल्या खोलीत झोपलेली असताना, ‘हा मुद्रांक कशाला?’ असे विचारणे मला अपमानास्पद वाटले. तो कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र, माझ्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मामांना देणारा दस्त होता. त्याच्या आधारे त्यांनी अनामत रक्कम घेऊन स्टॉल एका तिसऱ्याच माणसाला भाड्याने दिला, आणि मला मात्र ‘वहिनींकडे लक्ष द्या, दुकान मी पाहतो’ असे सांगून महिन्याला सात हजार रुपये देत राहिले.

महापालिकेच्या तपासणीत स्टॉलवर परका माणूस आढळला. कारणे दाखवा नोटीस स्टॉलच्याच पत्त्यावर गेली आणि ती त्याच माणसाने स्वीकारली. मला समजले तेव्हा उत्तराची मुदत संपून स्टॉलला सील लागले होते. अधिकाऱ्यांना दोष देण्याचे मला कारण नाही. अंगठा माझा होता.

ज्यांच्याकडे असा स्टॉल किंवा टपरी आहे, त्यांनी परवान्याच्या नोंदीत पत्रव्यवहारासाठी घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक आजच तपासावा. साउंडबॉक्स बदलला की ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून एक रुपया पाठवून घ्यावा आणि त्याच्या मोबाइलवर कोणाचे नाव दिसते ते मोठ्याने वाचायला सांगावे. सही येत असेल तर अंगठा देऊ नये. कागद फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्यावा. तो हस्तलिखित असेल तर एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन डोळस माणसांकडून वेगवेगळा वाचून घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल, तर त्या व्यवहारात त्याने साहाय्य करायचे नसते. आणि दिव्यांगांसाठी असलेला लाभ कपटाने घेणाऱ्याला कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मला ही कलमे वकिलांकडून कळली, म्हणजे फार उशिरा.

पोलिसांत तक्रार दिली आहे आणि परवान्यासाठीचे अपील प्रलंबित आहे. त्या दस्ताच्या शेवटी ‘सदर मजकूर मला वाचून दाखविण्यात आला व तो मला समजला’ असे छापलेले आहे. वकिलांच्या सहायकाने मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, त्याला अठरा मिनिटे लागली. मामांनी तो मिनिटभरात संपवला होता.