जड केबल रीळ: चाकं लावावीत की दोन छोटी रिळं घ्यावीत?
50 मीटरच्या तीन कोअर (म्हणजे आत तीन तारा), प्रत्येकी 2.5 चौरस मिमी छेदाच्या केबलमध्ये नुसतं तांबंच सव्वातीन किलोच्या वर भरतं. आवरण आणि लोखंडी स्टँड वेगळे.

चाकं लावणं स्वस्त, पण त्यांचं सुख फरशीपुरतं. खडीत, चिखलात लहान चाकं रुततात. तिथे मोठी रबरी चाकं आणि लांब दांडा हवाच. जिन्यावर पुन्हा उचलणं आलंच.

25 मीटरची दोन रिळं महाग पडतात, पण बहुतेक कामं एकावरच भागतात. दोन्ही जोडलीत तर जोड ओल्या जमिनीवर ठेवू नका. हीटरसारख्या मोठ्या लोडला केबल पूर्ण उलगडावीच लागते, नाहीतर गुंडाळीत तापून आवरण वितळू शकतं. छोटं रीळ उलगडायचा कंटाळा येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सपाट वर्कशॉपला चाकं पुरेत. जिने, गच्ची, बाग असेल तर दोन रिळंच घ्या.