तालुक्याचा पाऊस काढायला क्यूजीआयएस की आर?

कोल्हापूर जिल्ह्यात डेंगीच्या तालुकावार रुग्णसंख्येशेजारी पाऊस आणि तापमान मांडायचं, तर आधी हवामानाचे चौकोन (नकाशावरच्या जाळीतले, प्रत्येकाला एक आकडा) तालुक्यांत बसवावे लागतात. ईआरए५-लँड या हवामानाच्या आकडेवारीचा एक चौकोन साधारण 9 किलोमीटरचा. शिरोळला त्याने फारसं बिघडत नाही, पण गगनबावडा छोटा आणि घाटाच्या कडेवरचा. तिथे एक चौकोन आत धरला की बाहेर, यावर सरासरी हलते.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नकाशा डोळ्यांसमोर दिसतो, सीमा चुकली तर लगेच कळते. पण त्यातलं झोनल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे सीमेच्या आतली सरासरी काढणारं साधन, सहसा चौकोनाचा मध्य सीमेच्या आत आहे का, एवढंच बघतं. आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक्झॅक्टएक्स्ट्रॅक्टआर हे पॅकेज चौकोनाचा जितका भाग तालुक्यात, तितकंच वजन देतं. गगनबावड्यासाठी मला हेच पटतं.

खरी मेहनत वेळेची. आकडे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. आकडे तासाचे, त्यामुळे तो अर्धा तास कुठे ढकलायचा हे आपणच ठरवायचं. शिवाय ईआरए५-लँडमधला पाऊस यूटीसीच्या मध्यरात्रीपासून साठत जातो, म्हणजे प्रत्येक तासाच्या आकड्यात आधीच्या तासांचा पाऊसही असतो. मी सुरुवातीला चोवीसही आकडे बेरजेत घेतले आणि राधानगरीत अशक्य पाऊस पडला! आरमध्ये ती ओळ एकदा दुरुस्त केली की बाराही तालुके, सगळी वर्षं पुन्हा निघतात. क्यूजीआयएसमध्ये माउसने केलेलं काम सहा महिन्यांनी आठवत नाही.

म्हणून हिशेब आरमध्ये, तपासणी क्यूजीआयएसमध्ये. एकच शिकायला वेळ असेल, तर आर शिका.