पॉग की टॅझो: जमवायचं काय?

जुन्या चकत्या नव्याने जमवायच्या म्हटलं की दोन नावं समोर येतात: पुठ्ठ्याचे पॉग आणि वेफर्सच्या पाकिटातून निघणारे प्लास्टिकचे टॅझो. दोन्ही गोल, दोन्ही साधारण ४ सेंटिमीटरचे. घरात पोरं असतील आणि चकत्या खेळल्या जाव्यात असं वाटत असेल, तर पॉग घ्या. जमवायचेच असतील तर टॅझो. माझा ओढा टॅझोकडे आहे, हे आधीच सांगते.

पॉग मूळचे हवाई बेटांवरचे. तिथली मुलं बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांनी खेळायची. १९९१ मध्ये ब्लॉसम गाल्बिसो या शिक्षिकेने तो जुना खेळ आपल्या वर्गात आणला आणि बघता बघता तो अमेरिकाभर पसरला. पालथ्या चकत्यांची थप्पी लावायची, वरून स्लॅमर, म्हणजे एक जड चकती, आपटायचा, उताण्या पडतील तेवढ्या आपल्या. पुठ्ठा हलका, त्यामुळे पटकन उलटतो. प्लास्टिकला ही मजा नाही, फरशीवर ते नुसतं घसरतं. जिंकलेलं खिशात घालायची पद्धत पडल्याने अनेक शाळांनी बंदीही घातली.

पण पॉगचा संग्रह कधी पुरा होत नाही. ज्याला वाटेल त्याने ते छापले, अगदी दुकानांनी जाहिरातीसाठीसुद्धा. शेवट कुठे, हे कळतच नाही. टॅझोला मालिका असते, पाठीवर क्रमांक असतो. १९९४ मध्ये मेक्सिकोत साब्रितास या वेफर्सच्या कंपनीने ते सुरू केले आणि आपल्याकडे २००० नंतर पोकेमॉनच्या टॅझोंनी पोरांना वेड लावलं. कुठला नंबर राहिला, हे नेमकं सांगता येतं. शोधाशोधीला त्यामुळेच रंगत येते.

त्यात हलत्या चित्राचा टॅझो हातात घेऊन बघाच. पृष्ठभागावर बारीक उभ्या रेघा असतात, नख फिरवलं की कुरकुरतात. चकती जराशी कलती केली की एक चित्र जाऊन दुसरं येतं. याच रेघांवर ओरखडे आधी पडतात, म्हणून असा टॅझो उजेडात तिरका धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. काठाच्या खाचाही तपासा. टॅझो एकमेकांत अडकवून मनोरे रचलेले असले की तिथेच प्लास्टिक पांढरं पडतं, कधी चिरतं.

जपायलाही टॅझो सोपे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, कडेने थर सुटतात. पॉग घेतलेत तर हवाबंद डब्याला पर्याय नाही. टॅझोला फक्त उन्हापासून दूर ठेवा. घरात ३ वर्षांखालचं मूल असेल तर दोन्ही वरच्या फडताळात.

ऑनलाइन घेताना पूर्ण संच एकदम घ्यायचा मोह टाळा. आधी थोडे सुटे घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून प्रत्येक चकतीच्या पाठीचा फोटो मागून घ्या.