'द मूनस्टोन' हप्त्याहप्त्यानं वाचताना: आमच्या पुस्तक भिशीचा अनुभव

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' आमच्या पुस्तक भिशीनं दिवाळीनंतर हातात घेतली आणि मृगाचा पाऊस लागता लागता संपवली. एका कादंबरीला इतके महिने का लागले ते आधी सांगते, कारण तिच्याबद्दल माझं जे मत झालंय त्याचं मूळ तिथेच आहे.

ही कादंबरी मुळात साप्ताहिकात आली. चार्ल्स डिकन्स चालवत असलेल्या 'ऑल द इयर राउंड'मध्ये ४ जानेवारी १८६८ला पहिला हप्ता आणि ८ ऑगस्टला शेवटचा, असे एकूण ३२ हप्ते. आम्ही तेच वेळापत्रक धरलं. आठवड्याला एक हप्ता, रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला कुणाच्या तरी घरी जमायचं, आणि पुढचं वाचायचं नाही. मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. त्या साप्ताहिकाचे जुने अंकही 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन'वर पाहायला मिळतात, त्यामुळे कुठला हप्ता कुठे तोडला होता तेही कळतं. इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका त्या त्या भागाची गोष्ट मराठीत सांगून व्हॉट्सअॅपवर टाकायच्या. पिंपळगावचे एक बागाईतदार आमच्यात आहेत. द्राक्षकाढणीच्या दिवसांत त्यांनी सगळी कादंबरी बागेत उभ्या उभ्या कानांनीच ऐकली.

गोष्ट थोडक्यात अशी. ४ मे १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं, त्या लुटीत हर्नकॅसल नावाचा एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून एक पिवळा हिरा मिळवतो. हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवतेचा, आणि त्याच्या मागावर तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हर्नकॅसल मरताना तो हिरा मृत्युपत्रानं भाचीला ठेवतो. १८४८च्या जूनमध्ये, यॉर्कशायरच्या समुद्रकाठच्या घरी, रेचल व्हेरिंडरच्या अठराव्या वाढदिवसाला तो तिच्या हातात पडतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. पुढचं सगळं पुस्तक त्या एका रात्रीभोवती फिरतं.

आता प्रतिक्रिया. आमच्यात सरळ दोन तट पडले. एक मुलगा आयटीत आहे, त्याला थ्रिलरची सवय. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तो म्हणाला, "मावशी, अजून चोरीच झाली नाहीये!" त्याचं म्हणणं खरं होतं. हिरा जाईपर्यंत कित्येक हप्ते जातात. तोपर्यंत बेटरेज नावाचा घरचा जुना कारभारी आपल्या बायकोबद्दल, मुलीबद्दल, पाहुण्यांबद्दल बोलत राहतो आणि अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून देवाला कौल लावल्यासारखा त्यातून उत्तर शोधतो. या मुलानं नियम मोडून अख्खं पुस्तक तीन-चार रात्रींत उरकलं आणि निकाल दिला: निम्मं कापायला हवं होतं. पुढच्या बैठकांना तो यायचा, पण त्याचं मत बदललं नाही.

तेच पुस्तक हप्त्यानं वाचणारे मात्र रविवारपर्यंत दम धरू शकत नव्हते. मधल्या वारी फोन व्हायचे, "रेचल बोलत का नाही?" म्हणून भांडणं व्हायची. पुस्तक एकच, शब्दही तेच. माझं म्हणणं या फरकावरच उभं आहे. ही कादंबरी संथ आहे हे खरंच, पण तिचा संथपणा दोन हप्त्यांमधल्या रिकाम्या दिवसांसाठी रचलेला आहे. त्या दिवसांत वाचणाऱ्याच्या मनात एकेका पात्राबद्दल संशय मुरतो. सलग वाचलं की संशय मुरायला जागाच मिळत नाही, आणि मग उरतं ते नुसतं वर्णन.

एक उदाहरण देते. रेचलच्या खोलीच्या दाराला नुकताच रंग दिलेला असतो आणि त्यावर एका जागी कपडा घासल्याचा डाग पडलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी म्हणतो, सकाळी नोकरांची गर्दी झाली होती, त्यांच्याच घागऱ्यांनी फासलं असेल. मग लंडनहून सार्जंट कफ येतो. त्याला गुलाबांचं वेड. तो एवढंच विचारतो की रंग कधी दिला आणि वाळायला किती वेळ लागतो. बुधवारी दुपारी तीनला काम संपलं, वाळायला बारा तास, म्हणजे पहाटे तीनला दार कोरडं झालं. सकाळी अकराला आलेले नोकर कोरडा रंग फासणार कसे? डाग रात्रीचा आहे. आणि ज्याच्या कपड्याला तो रंग लागला, तो कपडा घरात कुठेतरी आहे.

आमच्यातल्या निवृत्त तलाठी काकांना हे प्रकरण इतकं आवडलं की त्यांनी वहीच घातली. कुणी काय सांगितलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, कधी सांगितलं, असे रकाने आखले. कादंबरीची रचनाच तशी आहे. कारभारी, एक धर्मवेडी बाई, वकील, नायक, डॉक्टरचा मदतनीस असे एकामागून एक जण आपापला जबाब लिहितात, आणि अट अशी की स्वतःला त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहायचं. काका म्हणाले, "आयुष्यभर वारसनोंदीचे जबाब घेतले. कुणी खोटं बोलत नाही हो, प्रत्येक जण आपल्या सोयीचं तेवढं खरं सांगतो." बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी जेवढ्या हाती लागल्या तेवढ्या वाचलेला हा माणूस. त्यांना गुप्तहेरानं शेवटी गठडी सोडून दाखवायची सवय. इथे कफसारखा हुशार माणूसही मध्येच घर सोडून निघून जातो, यावर ते आधी नाराज झाले आणि मग तेच त्यांना सगळ्यात खरं वाटायला लागलं.

पण आमच्या बैठकीत ज्या रविवारी आवाज चढले ती रोझॅनाची वेळ होती. रोझॅना स्पिअरमन ही त्या घरातली मोलकरीण, पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगलेली, खांद्यात व्यंग असलेली, आणि घरी आलेल्या तरुण पाहुण्यावर मुकाट प्रेम करणारी. हिरा गेल्यावर कफ सगळ्यांची कपाटं तपासायचं म्हणतो. लेडी व्हेरिंडर स्वतःच्या किल्ल्या सगळ्यांच्या आधी पुढे करते, त्यामुळे नोकरही तयार होतात. नकार देते ती फक्त घरची मुलगी, रेचल. काही न सांगणारी रेचल आहे आणि काही न सांगणारी रोझॅनाही आहे. एकीच्या गप्प राहण्याला घर मानीपणा समजतं आणि दुसरीच्या गप्प राहण्याला गुन्हा.

आमच्यातल्या एक वहिनी, ज्या एरवी फार बोलत नाहीत, त्यांनी त्या दिवशी हातातली कागदं खाली ठेवली. त्यांची आई धुण्याभांड्याची कामं करायची. एका घरी साखळी सापडेना म्हणून आईची पिशवी दारातच, जिन्यात, सगळ्यांसमोर उपडी केली होती. डबा, कंगवा, घरी न्यायला दिलेली शिळी पोळी, सगळं फरशीवर. साखळी नंतर देव्हाऱ्यामागे सापडली. "नंतर त्यांनी आईला साडी दिली," वहिनी म्हणाल्या, "माफी कुणी मागितली नाही." त्यानंतर कादंबरी संथ आहे की नाही यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. रोझॅनाचं पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. किनाऱ्यावरच्या त्या थरथरत्या वाळूचं वर्णन पहिल्या हप्त्यांत कंटाळवाणं वाटलं असेल, तर ते नंतर एकदा काढून वाचा, एवढंच सांगते.

हा काळोख कॉलिन्सनं हवेतून आणलेला नाही. १८६०मध्ये इंग्लंडात रोड हिल हाउस नावाच्या घरात चार वर्षांच्या आतल्या एका मुलाचा खून झाला. लंडनहून आलेला जोनाथन विचर हा पोलीस अधिकारी मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीपर्यंत पोचला. त्याचा आधार काय, तर तिचा एक रात्रीचा झगा हरवला होता. चांगल्या घरच्या मुलीवर एका पोलिसानं बोट ठेवावं हेच लोकांना सहन झालं नाही, विचरची छी-थू झाली. १८६५मध्ये त्या मुलीनं स्वतः कबुली दिली. सार्जंट कफ हा या विचरवरूनच सुचला असं मानलं जातं. हे आम्हाला मध्यावर कळलं आणि दारावरच्या डागाचा हप्ता आम्ही पुन्हा काढून वाचला.

नाशिककरांना या पुस्तकात आणखी एक गोष्ट टोचते. कॉलिन्सनं प्रस्तावनेत लिहिलंय की त्याच्या हिऱ्यामागे दोन खरे राजहिरे आहेत, एक रशियाच्या राजदंडातला आणि दुसरा कोहिनूर. आपल्याकडे तिसरा होता. त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा, जगात 'नासक' या नावानं, म्हणजे आपल्याच गावाच्या नावानं ओळखला जाणारा हिरा. १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाला तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला, १८३७मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनं घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. १९४०मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं त्याला नवे पैलू पाडले, तेव्हा तो ४३.३८ कॅरटचा राहिला. त्र्यंबकला तो परत आला नाही. हे समोर ठेवून कादंबरीचा पहिला प्रसंग वाचला की तो परक्या देशातला राहत नाही.

त्यामुळे त्या तीन ब्राह्मणांवर आमचं एकमत झालं नाही ते नाहीच. बागाईतदार दादांचा आक्षेप असा की ते अंगणात जादूचे खेळ करतात, झुडपांमागून डोकावतात, पण जबाब लिहायला त्यांना कुणी बोलावत नाही. सगळ्यांच्या लेखण्या चालल्या, ज्यांचा हिरा त्यांचीच नाही. मला हा आक्षेप पटतो. पण १८५७ला अकराच वर्षं झाली असताना, इंग्रज वाचकांसाठी लिहिताना, कॉलिन्सनं लुटारू इंग्रज दाखवला आणि त्या तिघांच्या निष्ठेला कुठेही हसण्यावारी नेलं नाही, हेही तितकंच खरं. शेवटची काही पानं वाचून मग ठरवा.

सगळ्यात कच्चा भाग मला वाटला तो उलगड्याचा. शेवटाकडे एक वैद्यकीय प्रयोग येतो, त्यावर सगळी इमारत उभी आहे. आमच्यातल्या एका परिचारिकेनं तो भाग ऐकून मान हलवली, औषध माणसावर इतकं हुकमी चालत नाही म्हणाली. पटण्यासारखं आहे. मात्र तो भाग सांगणारा एझ्रा जेनिंग्ज, सगळ्यांनी वाळीत टाकलेला, आजारी, वेदना थांबवायला अफूवर जगणारा, हा पुस्तकातला सर्वांत जिवंत माणूस आहे. लेखक स्वतः संधिवातासाठी लॉडेनम म्हणजे अफूचा अर्क घ्यायचा. १८७१च्या प्रस्तावनेत त्यानं लिहिलंय की हे हप्ते चालू असतानाच त्याची आई मरणाला टेकली होती आणि तो स्वतः अंथरुणाला खिळून मजकूर तोंडी सांगत होता. जेनिंग्जच्या दुखण्याची पानं त्यामुळे वेगळी लागतात. उलगडा पटला नाही तरी माणूस पटतो, माझ्यापुरतं तरी.

कुणी घ्यावी? एका बसणीत खुनी कोण ते हवं असेल तर घेऊ नका, पैसे आणि रात्र दोन्ही वाया जाईल. दोघं-चौघं जमत असाल, घरातल्या घरात दाबलेल्या गोष्टींवर बोलायची तयारी असेल, तर जरूर घ्या, आणि हप्त्यानंच वाचा. मागच्या कव्हरवरचा मजकूर आणि विकिपीडियाचं पान दोन्ही टाळा. पात्रांची यादी स्वतःच्या हातानं लिहून पुस्तकात ठेवा, कारण इंग्रजी नावं पहिल्या महिन्यात फार घोळ घालतात. आणि मध्यावर मिस क्लॅक नावाची बाई येते, सोफ्याखाली, फुलांच्या कुंडीत, जमेल तिथे धर्मपत्रकं सरकवणारी. आमच्यातल्या निम्म्यांना ती असह्य झाली, तीन हप्ते गाळूया असा ठरावही आला होता. गाळू नका. ती पडद्याआड बसून जे ऐकते, ते वकिलाच्या जबाबाशी ताडून पाहायला लागतं, आणि तलाठी काकांच्या वहीत सर्वांत जास्त खुणा त्याच पानांवर आहेत.